पणजोबांचा भाला

मंगळवार, ३ मार्च. पहाटे ४ (नियोजित). सकाळी ९:१० (प्रत्यक्ष).

आजपासून रोजनिशी. पाणीपुरवठा ऑफिसात चौतीस वर्षं लोकांच्या नळांचे मीटर रजिस्टरात उतरवले. आता स्वतःला इतिहासात उतरवायचं.

मिशन: समोरच्या खोलीत जुन्या, रोजच्या वापरातल्या वस्तूंचं संग्रहालय. क्युरेटर: मी.

माल घरातच आहे. आत्या (वडिलांची थोरली बहीण, वय एकोणनव्वद, कानांनी अधू, बाकी खणखणीत) गेल्या महिन्यात कायमची आमच्याकडे राहायला आली. बरोबर दोन ट्रंका आणि टेंपोच्या टपावर बांधलेली एक लांबलचक काठी. ट्रंका तिच्या आजीच्या. किल्ली हरवली म्हणून चाळीस वर्षं कुणी उघडल्याच नव्हत्या. काल मी हिच्या कात्रीनं उघडल्या. (कात्रीचं टोक गेलं. त्यावर ही जे बोलली ते इथे लिहीत नाही.)

समोरच्या खोलीवर हिचाही डोळा आहे. शिलाई मशीन तिथं हवं म्हणते. सध्या स्वयंपाकघराच्या बोळात बल्बखाली बसून शिवते, आणि डोळे दुखतात म्हणते. शेवटी करार झाला. महिनाअखेरपर्यंत एक तरी परका माणूस आपल्या पायांनी माझ्या वस्तू बघायला आला, तर खोली माझी. नाही आला तर मशीन आत, वस्तू जिन्याखाली. एक माणूस! मला हसूच आलं.

दुसरा संकल्प: रोज पहाटे चारला उठणे. गजर नको. निरोप समारंभात ऑफिसनं दिलेलं गजराचं घड्याळ अजून खोक्यातच आहे. त्यावर 'सप्रेम भेट' असं कोरलंय आणि खाली दुसऱ्याच क्लार्कचं नाव. असो. उठणं ही इच्छाशक्तीची बाब आहे.

बुधवार, ४ मार्च. ८:५५.

कालच्यापेक्षा पंधरा मिनिटं लवकर! या वेगानं एकवीस दिवसांत बरोबर चारवर येतो.

शुक्रवार, ६ मार्च. ९:४०.

सरासरी थोडी बिघडली. ढग होते.

पण आजचा दिवस सोन्याचा. काठीचा उलगडा झाला! दहा हात लांब, वेताची, वजनाला हलकी, आणि टोकाला चार-पाच बारीक तारांचा झुबका. मी बघताक्षणी म्हटलं, भाला! पातं पडलेलं, आणि पातं बांधायच्या तारा तेवढ्या उरलेल्या. पारखी डोळा लागतो त्याला.

आत्याची मुलाखत घेतली. तिच्या कानाचं मशीन बंद आहे. मागे एकदा तिनं दातांबरोबर तेही ग्लासात ठेवलं होतं. त्यामुळे ओरडून विचारावं लागतं आणि ती तिला हवं ते सांगते. पण काय सांगते! काठी तिच्या आजोबांची, म्हणजे माझ्या पणजोबांची. रोज पहाटे चारला घराबाहेर पडायचे, थंडी असो वारा असो. त्यांच्या भरवशावर तीनशे माणसं होती. कारखान्यातली. एकालाही कधी मागे राहू दिलं नाही. ते येताहेत म्हटलं की भलेभले अंथरुणातून ताडकन उठून उभे राहायचे.

तीनशे माणसं! अंगावर काटा आला. ती पुढे काहीतरी खिडक्यांचं सांगत होती, पण मी तोवर उठून संग्रहालयाची भूमिका लिहायला बसलो होतो.

पणजोबा सेनानी होते. आणि मी चौतीस वर्षं पाण्याचे मीटर उतरवत बसलो. रक्त कुठं वाया जातं बघा.

रविवार, ८ मार्च. ९:२०.

नगरवाचनालयात जाऊन ग्रंथपाल बाईंना भेटलो. बाई कडक, पण माझं बोलणं ऐकून त्यांनी चष्मा काढला. (इम्प्रेशन!) रविवार, २९ तारखेला, सकाळी नऊला माझं व्याख्यान. विषय: 'पणजोबांचा भाला: एका सेनानीची पहाट'. शिवाय दारातलं काचेचं कपाट कायमचं देणार, त्यावर पितळी पाटी. वस्तू चांगल्या निघाल्या तर, असं त्या म्हणाल्या. ही औपचारिकता.

घरी येऊन हिला सांगितलं. तिनं व्याख्यान सकाळी नऊला आहे हे दोनदा विचारून घेतलं आणि मशीनमध्ये दोरा ओवत बसली. हेवा, दुसरं काय.

बुधवार, ११ मार्च. ९:००.

अभ्यासाची पद्धत ठरवली. पुस्तकं नाहीत, इंटरनेट नाही. वस्तू वापरायची, ती स्वतःच बोलते.

आजची वस्तू: चिनी मातीचा पेला, आतल्या बाजूला काठालगत एक आडवी पट्टी, पट्टीला बारीक फट. निष्कर्ष: विषरोधक पेला. विष जड असतं, खाली बसतं, पट्टीमुळे वर येत नाही. सेनानींच्या घरात असणारच. लेबल लिहिलं.

त्यातून चहा प्यायलो. पट्टीवरून अर्धा कप थेट शर्टात. ही म्हणाली, विषापासून वाचलात पण शर्ट गेला.

शनिवार, १४ मार्च. ९:३५.

भाल्याचा जीर्णोद्धार पूर्ण. गंजक्या तारा उपटून फेकल्या. पातं हवं होतं. दिवाणखान्याच्या पडद्याच्या दांड्याला टोकाशी पितळी पानाच्या आकाराची बोंडी आहे, ती फिरवून काढली आणि बसवली. अशी बसली की बस्स. पणजोबांनी बघितलं असतं तर खांद्यावर हात ठेवला असता.

पडदा दुपारी पडला. खाली ही होती. ती पडदा डोक्यावर घेऊनच माझ्या खोलीत आली आणि बोंडीकडे बघून पडद्यासकट परत गेली.

भाला आत्याला दाखवला. तिनं टोक चाचपून बघितलं. मग तारा कुठे गेल्या म्हणाली. मी ओरडून सांगितलं, टाकल्या! तिनं कपाळाला हात लावला. वयोमानानं डोकं दुखत असेल.

मंगळवार, १७ मार्च. वेळ बघितली नाही.

दात दुखतोय. एकूण कारण असं: पितळी डबी, झाकणाला भोकं, आत बारीक पिवळसर पूड. निष्कर्ष: मोहिमेवर न्यायची मसाल्याची डबी. पद्धतीप्रमाणे उकडलेल्या अंड्यावर भरपूर भुरभुरली. कर्रर्र.

दंतवैद्यानं दाढेचा तुकडा कागदात बांधून दिला. नाश्त्याला काय खाल्लं विचारलं. मी इतिहास म्हणालो.

गुरुवार, १९ मार्च. ९:१५. आनंद! आनंद!

ट्रंकेच्या तळाशी रणशिंग सापडलं. पितळी, एका बाजूला मोठं तोंड, निमुळतं होत वळलेलं. म्हणजे सैन्य होतंच. आता कोण काय बोलणार?

बारीक टोकातून फुंकलं. फुस्स. छाती भरून फुंकलं. जो आवाज आला त्यावर हिनं स्वयंपाकघरातून गॅस लीक होतोय का म्हणून विचारलं. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी जमिनीवर बसलो. पूर्वीच्या लोकांची छातीच वेगळी. उद्यापासून प्राणायाम, पहाटे चारला.

शुक्रवार, २० मार्च. ९:५०. घात.

जेवायच्या टेबलावर रणशिंग पुसत होतो. आत्यानं ते बघितलं, अगं बाई म्हणाली, माझ्या हातातून घेतलं, बारीक टोक कानात घातलं आणि मोठं तोंड माझ्याकडे केलं. मग म्हणाली, बोल आता, हळू बोल.

ते ऐकायचं नळकांडं होतं. तिच्या आजीचं.

आत्याला सगळं ऐकू येतंय! सगळं म्हणजे सगळं. नंतर मी संडासात पुटपुटलो तेही. दुपारभर ही आणि ती स्वयंपाकघरात बसून बोलत होत्या. नळकांड्याचं तोंड हिच्याकडे, आणि मधूनमधून दोघी हसून लोळताहेत. मी आत गेलो की एकदम भाजीकडे बघायच्या.

संध्याकाळी आत्यानं मला समोर बसवलं. ती मला लहानपणापासून सुस्तोबा म्हणते. का, ते आठवत नाही. सुस्तोबा, तो पेला मिशीवाल्यांचा, म्हणाली. चहात मिशा भिजू नयेत म्हणून ती पट्टी. आणि डबीतली वाळू. शाई सुकवायला कागदावर भुरभुरायची. पूर्वी टिपकागद सगळ्यांकडे नसायचा. (दोन्ही शक्यता माझ्या मनात येऊन गेल्याच होत्या.) मग ती काठीकडे वळली आणि तो भाला नाहीच असं म्हणायला लागली.

मी तिला तिथंच थांबवलं. व्याख्यानाची एकतीस पानं लिहून झाली आहेत, सुवाच्य अक्षरात. सत्याला यायचं होतं तर त्यानं वेळेत यावं. एवढं मात्र विचारलं, पणजोबा तीनशे माणसांसाठी रोज चारला बाहेर पडायचे हे खरं की खोटं? ती खरं म्हणाली. काठी घेऊन? काठी घेऊन. झालं तर मग.

खिडक्यांवर चालवायचे, एवढं एक जाता जाता म्हणाली. म्हणजे खिडक्यांतून हल्ला. पान बत्तीस.

मंगळवार, २४ मार्च. ९:०५.

आज एकविसावा दिवस. हिशेबाप्रमाणे आज चारला उठायचं होतं. हिशेब चुकला नाही, मी चुकलो.

संग्रहालयाला आजवर भेट देणारे: मीटर वाचायला आलेला माणूस. आमच्याच ऑफिसचा, म्हणून ही त्याला परका धरत नाही. मी त्याला विषरोधक पेला (मिशीचा) दाखवला. त्यानं घाई आहे म्हणून सांगितलं. त्याला कसली घाई? मी चौतीस वर्षं होतो तिथं.

म्हणजे आता सगळं २९ तारखेवर. खोली, कपाट, पाटी, पणजोबा. खरं सांगायचं तर पाटीचं फार मनात आहे. घड्याळावर दुसऱ्याचं नाव आलं तेव्हा मी हसून टाळ्या वाजवल्या होत्या. घरी येऊन हिलाही सांगितलं नव्हतं. तिनं खोकं उघडलं तेव्हा तिला कळलं आणि तिनं ते गुपचूप कपाटात मागे सरकवलं.

शुक्रवार, २७ मार्च. ८:५०.

आरशासमोर तालीम. आवाज चांगला लागतोय. भाला उगारताना पंख्यात अडकला. पंखा बंद पडला, भाला शाबूत. याला म्हणतात जुनं काम. (बोंडी नवी आहे, पण तरीही.)

शनिवार, २८ मार्च. संध्याकाळी ७.

भाला वाचनालयात पोचवला. रिक्षात मावेना, चालत नेला. एका वळणावर एका गृहस्थांनी, जाळी काढायला किती घेता, म्हणून विचारलं.

उद्या चारला उठणार. घरात सगळ्यांना बजावून सांगितलं: मला कुणीही उठवायचं नाही. सेनानीच्या पणतूला व्याख्यानाच्या दिवशी बायकोनं हलवून उठवलं, ही बातमी बाहेर गेली तर शोभा काय राहिली? हिच्याकडून शपथ घेतली. आत्याकडूनही. आत्यानं नळकांडं लावून तीनदा विचारलं, नक्की ना सुस्तोबा? म्हटलं, आत्या, आपल्या घराण्यात कुणी कुणाला उठवत नाही!

यावर ती इतकी हसली की दात ग्लासात काढून ठेवावे लागले. हीपण पदर तोंडावर धरून बाहेर गेली. मोठ्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी घरात आनंद आहे. शुभशकुन.

रविवार, २९ मार्च. सकाळी १०:४०.

१०:४०!!

तोच दिवस, दुपारी ४.

शांतपणे, क्रमानं लिहितो.

घरात कुणी नव्हतं. टेबलावर चहा झाकून ठेवलेला, थंडगार. शपथ पाळून दोघी पुढे निघून गेल्या होत्या. पायजम्यावर कोट चढवला आणि धावलो. वाटेत एक चप्पल तुटली. ती हातात घेतली.

मनात वाटलं, रिकाम्या खुर्च्या असतील, ग्रंथपाल बाई दारात उभ्या असतील. तर वाचनालयाच्या अंगणात साठ-सत्तर माणसं! मधोमध आत्या, एका कानाला नळकांडं, दुसऱ्या हातात काठी. बोंडी गायब. तारांचा झुबका पुन्हा टोकाला. हिनं त्या तारा उचलून कुंडीतल्या टोमॅटोला बांधल्या होत्या म्हणे, काल संध्याकाळीच सोडवून पिशवीत घातल्या. आत्यानं काठी उंच केली आणि वरच्या मजल्याच्या खिडकीच्या काचेवर तारांनी वाजवलं. टिकटिक, टिकटिक. पावसाच्या चार थेंबांएवढा आवाज. वरून ग्रंथपाल बाईंनी खिडकी उघडून, उठले हो, असं म्हणून हात हलवला. ग्रंथपाल बाई! टाळ्या थांबेनात.

उशिरा आलेल्यांसाठी आत्या सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. मी मागच्या रांगेत, चप्पल मांडीवर घेऊन बसलो आणि ऐकलं.

पणजोबा लोकांना उठवायचे. हाच धंदा. कारखान्याची पाळी पाचला सुरू व्हायची, फाटक एकदा बंद झालं की त्या दिवशी काम नाही, आणि घड्याळ कुणाकडे होतं? मग झोपण्याआधी लोक दारावर खडूनं आकडा लिहायचे: चार, सव्वाचार, साडेचार. पणजोबा रस्त्यानं जायचे, आकडा बघायचे आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीवर काठी वाजवायचे. तारा अशासाठी की काच फुटू नये आणि शेजारचं, ज्यानं आकडा लिहिलेला नाही ते घर फुकटात उठू नये. माणूस खिडकीत येऊन तोंड दाखवेपर्यंत खालून हलायचं नाही, हा त्यांचा नियम. तीनशे माणसं. पुढे गजराची घड्याळं स्वस्त झाली आणि काठी भिंतीला टेकली ती टेकलीच.

एवढं बोलून आत्यानं हिच्याकडे बघितलं. हिनं पिशवीतून माझं घड्याळ काढलं आणि दारातल्या काचेच्या कपाटात ठेवलं. काठी आत मावणार नव्हती, ती शेजारी उभी केली.

मग कुणीतरी विचारलं, त्यांना कोण उठवायचं हो? आत्या म्हणाली, आमची आजी. ती रात्रभर दिव्याखाली लोकांचे कपडे शिवत बसायची, साडेतीनला त्यांना उठवायची, ते गेले की मग पडायची. कानांनी तिला काही ऐकू यायचं नाही, म्हणून ती मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाचे काटे बघत राहायची. उठवणाऱ्याला उठवणारी होती म्हणून तीनशे चुली पेटल्या, असं आत्या म्हणाली. तिचं नाव कुठं लागलं नाही.

ही तिथं, दुसऱ्या रांगेत, डोळे चोळत होती. बोळातल्या बल्बनं दुखतात ते डोळे. मला लाज वाटली. खूप. इथे मी एकटाच वाचणार म्हणून लिहितो.

मग आत्यानं शेवटची गंमत सांगितली. तीन दिवस वाजवूनही जो उठला नाही, त्याचा दारावरचा आकडा पणजोबा ओल्या फडक्यानं पुसून टाकायचे. पुढे त्या दारी जायचे नाहीत. सगळ्या आयुष्यात असा एकच आकडा त्यांनी पुसला. स्वतःच्या मुलाचा. म्हणजे आत्याच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. आणि मग तिनं नळकांडं खाली केलं, मागच्या रांगेकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, तो बघा, त्यांचा नातू, आत्ता उठून आलाय.

सत्तर माणसं वळली. कोट, पायजमा, मांडीवर चप्पल. मी उठून नमस्कार केला. दुसरं काय करणार? टाळ्या मात्र मनापासून पडल्या.

सोमवार, ३० मार्च. ९:१०.

कपाटाची पाटी झाली. बाईंनी दोन नावं घातली, आत्याचं आणि तिच्या आजीचं. माझ्या घड्याळाला स्वतंत्र लेबल: 'गजराचं घड्याळ. अजिबात न वापरलेलं.'

तांत्रिकदृष्ट्या सत्तर परकी माणसं माझ्या वस्तू बघायला आली होती. करारानुसार खोली माझीच. हिनं वाद घातला नाही, हे विशेष. मी दुपारी एकट्यानं मशीन उचललं, समोरच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलं, उजेड डावीकडून येईल असं. पाठीत उसण भरली. ही दारात आली आणि इथं नाही, थोडं अलीकडे, म्हणाली. पुन्हा उचललं.

पेला, डबी जिन्याखाली गेली. बोंडी दांड्यावर गेली.

संध्याकाळी बेडरूमच्या दारावर खडूनं '५' लिहिलं. हिला म्हटलं, आजपासून मी गिऱ्हाईक. चारचा हट्ट सोडला. माणसानं समंजस असावं.

मंगळवार, ३१ मार्च. ९:२०.

वाजवलं होतं म्हणे. पडद्याच्या दांड्यानं, खिडकीवर. ऐकू आलं नाही. पहिला दिवस, सवय नाही.

बुधवार, १ एप्रिल. ९:३०.

आज तोंडसुद्धा दाखवलं म्हणे मी खिडकीत. उठलो असं म्हणालो म्हणे आणि परत आडवा झालो. मला आठवत नाही, म्हणून मी ते धरत नाही.

गुरुवार, २ एप्रिल. १०:०५.

समोरच्या खोलीतून मशीनचा आवाज येतोय. दारावरचा '५' नाही. ओल्या फडक्यानं, नीट कडेपर्यंत पुसलाय, लाकूड अजून ओलसर लागतंय. आत्याला विचारलं. तिनं माझं ऐकू येऊ नये म्हणून स्वतःचंच नळकांडं काढून ठेवलं.

वाईट वाटून घेतलेलं नाही. आमच्या घराण्यात हा मान आजवर एकालाच मिळाला होता.